कडक कोब्याला मऊ दात

दाजी, परवा तुम्हाला माफ करण्यात आलं. माईकवरून, इंदापुरात, विहारापुढच्या मांडवात, सगळ्या भावकीच्या देखत. टेबलावर तुमचा हार घातलेला फोटो होता, पुढं मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील झालेलं, आणि आदरांजलीची भाषणं रंगात आलेली. तुम्ही शेजारी असता तर मला कोपरानं ढोसून म्हणाला असता, "पाव्हणं, मेल्या म्हशीला मनभर दूध." खरंच तसं चाललेलं. ज्यांनी तुम्हाला जन्मात कधी चहा विचारला नाही, तेही गळा काढून बोलत होते. मग भिगवणचे शब्बीरशेठ उठले, माईक हातात घेतला आणि त्यांनी तुम्हाला माफ केलं. जी चूक तुम्ही केलीच नव्हती, तिच्याबद्दल. मी पहिल्या रांगेत खाली मान घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, मेव्हण्याला दुःख आवरत नाही. दुःख होतंच, पण मान लाजेनं खाली गेली होती.

ती चूक तुमच्या नावावर मीच चढवली होती. तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही, सगळं तुमच्या माघारी घडलंय, म्हणून सांगतो. फक्त मधे बोलू नका. तुम्हाला मधे बोलायची फार वाईट सवय होती.

आपला धंदा लोकांना पटकन कळत नाही. सिमेंटचा कोबा मशीननं घासून सपाट करायचा, हवी तेवढी तकाकी आणायची. गोदामं, डेअऱ्या, शाळांचे हॉल, गाड्यांची शोरूमं. कुणी विचारलं, काय करता, तर मी आपला "काँक्रीट ग्राइंडिंग" असं तोंड भरून सांगायचो, आणि तुम्ही मधेच म्हणायचा, "काय न्हाय हो, लोकांची अंगनं सरळ करतो. नाचता येईना अंगन वाकडं म्हनायची सोयच ठिवत न्हाय." समोरचा हसायचा आणि काम मिळायचं. माझ्या तोंड भरून सांगण्यानं कधी काम मिळाल्याचं आठवत नाही.

पणदऱ्याच्या डेअरीतला तो दिवस आठवतो? मी तेव्हा नवीन होतो. कोबा असला टणक, की मशीन नुसतं गुणगुणत होतं आणि खाली चिमूटभर धूळ निघत नव्हती. मी हँडलवर सगळा भार टाकून रेटत होतो, घामाघूम. तुम्ही दारात उभे राहून बघत होता. म्हणालात, "पाव्हणं, त्येच्यावर बसून बारामतीला जायचंय का?" मग मशीन बंद करायला लावलं, आडवं पाडलं आणि खालच्या डिस्कच्या दातांवर बोट फिरवायला सांगितलं. दात काचेसारखे गुळगुळीत झाले होते. तुम्ही पाटीभर वाळू आणून कोब्यावर पसरली, तिच्यावर मशीन दोन फेऱ्या फिरवलं, आणि दात परत खरखरीत झाले. "हे तात्पुरतं," म्हणालात, "आता डिस्कच बदला. कडक कोब्याला मऊ दात."

मला वाटलं, तुम्ही माझी फिरकी घेताय. कडक कोब्याला मऊ दात कसे पुरतील? तेव्हा तुम्ही डेअरीच्या पायरीवर बसून सांगितलंत. दात म्हणजे धातूची भुकटी, तिच्यात हिऱ्याचे बारीक कण कालवलेले. धातू झिजतो तेव्हा आतला नवा हिरा उघडा पडतो, आणि तो कोबा कापतो. कोबा टणक असला तर त्यातून वाळू सुटत नाही, धातू झिजत नाही, वरचा हिरा बोथट होऊन बसतो. म्हणून तिथं धातू मऊ पाहिजे, आपसूक झिजणारा. कोबा भुसभुशीत असला तर त्याचीच वाळू धातूला खाऊन टाकते, म्हणून तिथं धातू कडक पाहिजे. "कडक सासूला मऊ सून, मऊ सासूला कडक सून," तुम्ही म्हणालात, "तरच घर चालतं." हेच तुम्ही एकदा जेवताना अक्कालाही ऐकवलंत. तिनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "आन् ह्या घरात सासू कोन न् सून कोन?" तुम्ही म्हणालात, "ह्या घरात मी नुस्ता कोबा हाय. तुमी दोगं भैनभाव मिळून घासा." अक्का इतकी हसली की भाकरी ताटाबाहेर पडली.

इथपर्यंत सगळं गोडीचं होतं. भांडण लागलं ते डब्यांवरून.

टेम्पोत आपले दोन पत्र्याचे डबे असायचे. एकात मऊ धातूच्या डिस्का, दुसऱ्यात कडक धातूच्या. नुसत्या बघून कळायच्या नाहीत. वापरून वापरून रंग उडालेले, आणि रंगालाही काही नियम नाही, एका कंपनीची लाल ती मऊ, तर दुसरीची लाल ती कडक. म्हणून तुम्ही डब्यांवर ऑइलपेंटनं लिहिलं होतं, एकावर "मऊ", दुसऱ्यावर "कडक". म्हणजे आतला धातू मऊ किंवा कडक. माझं म्हणणं, असं लिहू नका. कोबा कसला आहे ते लिहा. मऊ कोब्याला लागणाऱ्या डब्यावर "मऊ", कडक कोब्याला लागणाऱ्यावर "कडक". माणूस जागेवर जातो, कोब्यावर खिळा ओढून बघतो, मऊ निघाला तर मऊ लिहिलेला डबा उघडतो. कुठंही उलटसुलट विचार नको.

तुम्ही म्हणायचा, "डाळीच्या डब्यावर डाळ लिवत्यात, जेवनाऱ्याचं नाव न्हाय लिवत." मी म्हणायचो, "औषधाच्या बाटलीवर खोकला लिहितात की नाही?" किती वेळा हे झालं असेल दाजी! बारामतीहून सुप्याला जाताना एकदा आपण पूर्ण रस्ताभर यावरूनच बोललो, आणि उतरल्यावर एकमेकांशी दुपारपर्यंत बोललो नाही. तसं मला डब्याशी काही देणंघेणं नव्हतं. डिस्क तुम्हीच निवडायचा, मी मशीन चालवायचो आणि हातातल्या छोट्या कप व्हीलनं भिंतीलगतच्या कडा घासायचो. पण तुम्ही इतक्या मजेत नाही म्हणायचा, की मला चेव यायचा.

आणि मग तुम्ही गेलात. झोपेतच, कुणाला हाक न मारता. भिगवणचं काम अर्धं राहिलं.

शब्बीरशेठची मासळी उतरवायची शेड. हायवेच्या बाजूची अर्धी नवीन, टणक कोब्याची. ती आपण दोघांनी मिळून केलेली. जास्त तकाकी आणायची नाही, मासळीच्या पाण्यावर माणसं घसरतात, असं तुम्ही शेठना समजावून जाड ग्रिटवरच, म्हणजे खरखरीत घासणीवरच थांबला होता. राहिलेली अर्धी जुनी. मीठ, बर्फ आणि मासळीच्या पाण्यानं वरचा थर खाल्लेला, खिळा ओढला की वाळूच वाळू. शेठनी घाई केली नव्हती. "दिवस हुं द्या, मग बघू," असंच म्हणाले होते. मलाच घरात बसवत नव्हतं. अक्काच्या दारात माणसं यायची, मला बघून रडायची, आणि मला वाटायचं, त्यापेक्षा मशीनचा आवाज बरा. एकटाच टेम्पो घेऊन गेलो.

शेडमध्ये दोन्ही डबे पुढ्यात घेऊन बसलो. खिळा ओढला, कोबा मऊ. माझ्या रीतीनं "मऊ" डबा उघडायचा. पण डबे तुमचे, अक्षर तुमचं. मनात म्हटलं, दाजी होते तेव्हा उभा जन्म वाद घातला, आता तरी त्यांच्या रीतीनं वागू. त्यांच्या लेखी "कडक" म्हणजे कडक धातू, तोच मऊ कोब्याला. डोळ्यांत पाणी आलं होतं दाजी, खोटं सांगत नाही. मी "कडक" डब्यातल्या डिस्का चढवल्या.

काय काम चाललं म्हणता! धूळच धूळ. मशीन लोण्यातून जावं तसं चाललेलं. मला वाटलं, तुमचा आशीर्वाद आहे. तुम्ही नेहमी पहिला एक पट्टा मारला की मशीन पाडून दात बघायचा, कितीही घाई असो. मी बघितले नाहीत. मी आपला आशीर्वादात! त्या जुन्या भागातला अर्धा झाला आणि मशीन धडधडायला लागलं. एका बाजूचे दात मुळापर्यंत गेले होते, डिस्क कलली होती, आणि मागं वळून बघतो तर कोब्यात चंद्रकोरीसारखे खड्डे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या खड्ड्यांत पाणी साचणार, पाण्यात खवलं, आणि शेडला कायमची घाण. मऊ कोब्यावर मऊ धातू फिरला होता.

तेवढ्यात शब्बीरशेठ आले. त्यांच्याबरोबर चार हमाल, दोन मासळीवाल्या. शेठ काही रागावले नाहीत. खड्ड्यांकडे बघत एवढंच म्हणाले, "ह्ये काय झालं, बापू?"

आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, "दाजींनी डब्यावर उलटं लिहून ठेवलंय."

इथवर एकवेळ चाललं असतं. मला खरंच तसं वाटत होतं. पण समोरच्यांच्या तोंडावर शंका दिसली म्हणून मी पुढं म्हणालो, "शेवटी शेवटी त्यांचं लक्ष नव्हतं कामात. विसरायचे." हे मी मनानं रचलं. तुम्ही काय विसरायचा, दाजी? माझ्या चपलेचा नंबर तुमच्या ध्यानात असायचा. पण मला त्या चार हमालांपुढं अडाणी ठरायचं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला अडाणी ठरवलं. तुम्ही काय उठून बोलणार नव्हता.

शेठ माणूस दिलदार. त्यांना वाटलं, मयताचं मागं काही ठेवू नये. म्हणून ते परवा कार्यक्रमाला आले आणि मनापासून बोलले. "गौतमराव लाख मानूस. आता शेवटी त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं म्हनं, डब्यावर उलटंपालटं लिवलं, आमच्या कोब्याचं वाटुळं झालं. पर मानूस हाय, चुकतो. आमी त्यांना माफ केलं. त्यांनी सुखानं जावं." मांडवातल्या माना हलल्या. कुणीतरी "चूक कुणाला सुटलीय" असं हळूच म्हणालं. अक्का पांढऱ्या साडीत तुमच्या फोटोजवळ बसली होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत समोर बघायला लागली.

जेवणं उरकली, पाव्हणे पांगले. अक्का मागच्या अंगणात पातेली घासायला बसली. मी म्हटलं, राहू दे, बायका आहेत घासायला. तिनं हात थांबवला नाही. खाली बघतच म्हणाली, "डब्यावर उलटं न्हवतं, बापू."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"त्यांनी गेल्या महिन्यात दोनी डबं हितं आनलं, पायरीवर बसून ब्रश मारला. मी म्हनलं, आता काय नवीन? तर म्हनलं, पाव्हण्याच्या बोलीत लिवतो. तो म्हनतो तसं. त्येचा जीव तुटतो त्या डब्यापायी. मला काय, मला हात लावला की डिस्क कळती. तुला सांगू नगंस म्हनलं. म्हनलं, बघू किती दिसांनी त्येच्या ध्यानात येतंय."

तुम्ही डबे बदलले होते, दाजी. माझ्यासाठी. आणि न सांगता, माझी मजा बघायची म्हणून. मी माझ्या रीतीनं "मऊ" डबा उघडला असता तर कोबा नीट झाला असता. जन्मात एकदाच मी तुमचं ऐकलं, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही माझं ऐकून बसला होता. हसावं का रडावं ते कळेना. आणि लगेच ध्यानात आलं, की डब्याचं निमित्तही खोटंच आहे. पहिल्या पट्ट्यानंतर मशीन पाडून दात बघितले असते, तर डब्यावर काहीही लिहिलेलं असो, मला कळलं असतं. हे तुम्ही मला पणदऱ्याच्या पायरीवरच शिकवलं होतं.

मग दुसरं ध्यानात आलं, ते जास्त लागलं. मी विचारलं, "अक्का, शेठ माईकवर बोलत होते तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"व्हय."

"आणि तू गप बसलीस?"

"मग काय करू? उठून बोलली असती तर सगळ्यांच्या देखत तुजं तोंड काळं झालं असतं. तुला अजून धंदा करायचाय. तुला हितं ऱ्हायचंय." आणि पातेलं पालथं घालत म्हणाली, "मेलेल्याचं काय जातंय?"

दाजी, मला त्या अंगणात उभं राहवेना. मी नवऱ्याच्या माघारी त्याचं नाव खराब केलं, आणि बायकोनं ते ऐकून घेतलं, भावाचं नाव राहावं म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर संन्याशाच्या घरच्यांनीच दोर पुढं केला, चोर नात्यातला म्हणून. मी म्हटलं, "मी शेठना सांगतो." अक्का भडकली. "काय नगं! झालं गेलं. आता परत चघळू नगा." तिनं पहिल्यांदाच मला अहो-जाहो केलं. रागावली की ती तुम्हालाच तसं बोलायची, नाही का?

काल सकाळी भिगवणला गेलो. लिलाव चालू होता. क्रेट ओतले जात होते, बोली चाललेली, आणि माझ्या त्या खड्ड्यांत पाणी साचून खवलं तरंगत होती. शेठना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. डबे, ब्रश, दात न बघणं, आणि "लक्ष नव्हतं" हे मी पदरचं घातलेलं. शेठ ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा पडत गेला. मला वाटलं, आता शिव्या देणार, आणि मी त्या घ्यायला तयार होतो. पण ते म्हणाले, "म्हंजी मी निर्दोष मानसाला माफ केलं का? त्याच्या बायकूसमोर?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मी चार मानसांत बोललोय, बापू. आता तुमी बी चार मानसांतच बोला. कानात सांगून भागायचं न्हाय."

त्यांनी हात वर करून लिलाव थांबवला. थांबलेला लिलाव म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे. बर्फ वितळतोय आणि सगळे तुमच्याकडे बघताहेत. मी काय बोललो ते नीट आठवत नाही. एवढं म्हणालो, की गौतमरावांची काही चूक नव्हती, त्यांनी डब्यावर बरोबर लिहिलं होतं, कोबा माझ्या हातानं खराब झाला आणि मी त्यांच्यावर ढकललं. कुणी हसलं नाही. एक म्हातारी मासळीवाली, त्या दिवशीही ती होती, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मेलेल्या मानसावर ढकाललं व्हय रं? लाज न्हाय वाटली?" मी म्हटलं, "वाटतेय मावशी." "वाटू दे," म्हणाली, आणि बोली परत चालू झाली.

शेठनी काम काढून घेतलं नाही. म्हणाले, घासून द्या, पर दात बघत बघत. सोमवारी जातो. खड्डे निघेपर्यंत सगळाच कोबा खाली घ्यावा लागणार, कडक धातूनं, सावकाश, पाणी मारत. निघतील. कोब्याचं एक बरं असतं, घासलं की निघतं.

तिथनं थेट अक्काकडे आलो. दारात गहू निवडत बसली होती. सांगितलं. अपेक्षेप्रमाणे तिचा पट्टा सुटला. "सांगितलं व्हतं न्हवं, जाऊ नगंस म्हनून? आता गावभर झालं की! उद्या तुला काम कोन दील? जरा म्हनून अक्कल न्हाय." मी खाली बसलो. तिचं बोलणं हळूहळू कमी झालं. परत गव्हातले खडे वेचायला लागली. मग वर न बघता विचारलं, "सगळ्यांच्यात म्हनलास?"

"सगळ्यांच्यात."

"त्यांचं नाव घिऊन?"

"नाव घेऊन."

तिच्या हातातलं सूप खाली आलं. पदर तोंडाला गेला. तुम्ही गेलात तेव्हाही ती अशी रडली नव्हती, दाजी. मेलेल्याचं काय जातंय म्हणणारी माझी बहीण अंग हलवून हलवून रडत होती, आणि परवापासून ती काय गिळून बसली होती, ते मला तेव्हा कळलं. जरा वेळानं पदराआडून म्हणाली, "परत म्हन."

मी म्हणालो, "गौतमरावांची काही चूक नव्हती. चूक माझी होती."

"आजून एकदा."

मी अजून एकदा म्हणालो.